सुया टोचा, पण आधी झोपू द्या!

मंडळी, हल्ली आमच्या देवपुरात कुणालाही "कसं काय?" विचारा, उत्तर ठरलेलं: "थकून गेले हो!" लगेच कुणीतरी सुचवतं, अमुक ठिकाणी चिनी सुया टोचतात, दहा बैठकांत अंगातली 'ची' वाहायला लागते.

सुयांशी माझं वैर नाही. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसूंनी १९५९ साली ही विद्या भारतात आणली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला मान्यता दिली. माझं भांडण आहे ते थकव्याचं कारण तसंच ठेवून सुया विकण्याशी.

जर्मनीतली २००७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. कंबरदुखीचे अकराशेवर रुग्ण. योग्य बिंदूंवर सुया टोचलेल्या जवळजवळ निम्म्यांना गुण आला, आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांनाही जवळपास तितकाच! नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत मात्र चौथ्या हिश्शालाच. मी याचा अर्थ असा लावते, की अर्धा तास शांत पडू दिलं, कुणी आपुलकीने विचारपूस केली, तर त्यानेही बरं वाटतं. मग तो अर्धा तास बाईमाणसाला घरात फुकट का मिळू नये?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की 'बर्नआउट' हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी अवस्था आहे. म्हणजे पथ्य काम लादणाऱ्याने पाळायला हवं! खुद्द सुयांच्या माहेरी, चीनमध्ये, सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबवण्याची रीत बोकाळली. २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ती बेकायदा ठरवावी लागली. तिथे काय सुया कमी होत्या?

चिनी वैद्यकाचा पिवळ्या सम्राटाच्या नावाचा प्राचीन ग्रंथही सांगतो: वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, झेपेल तेवढंच राबा. आपली दिनचर्या, ऋतुचर्या याहून वेगळं काय सांगते? पण हे विकता येत नाही, म्हणून मागे पडतं.

आणि आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. माझ्या एका भाचीचं हिमोग्लोबिन आठ निघालं, तेही सुयांच्या सहा बैठका झाल्यावर! सुईने लोह वाढत नाही. थायरॉइड, साखर, बी-१२ हेही बघून घ्या.

तेव्हा बायकोला सुयांचं पॅकेज घेऊन देणाऱ्या माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, पहाटेचा डबा आळीपाळीने करा. रात्री दहानंतर कचेरीचा फोन बंद ठेवा. रविवारी भाकरी तुम्ही थापा. येत नाही? शिका! "येत नाही" म्हणणाऱ्याला मी वर्गातही कधी सोडलं नाही.

एवढं करून थकवा उरलाच, तर डॉक्टरांना विचारा आणि खुशाल सुया टोचून घ्या. पटलं नसेल तर जरूर लिहा. भांडायला मी मोकळी आहे.