दर्याच्या वाटेवरचे लिबलिबीत पाहुणे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता, पाऊस जरा उघडला होता. चाळीतली पाच-सहा पोरे घेऊन आम्ही जुहूच्या चौपाटीवर गेलो होतो. भरती ओसरत होती. ओल्या वाळूवर जागोजाग निळे फुगे पडले होते. अंगठ्याएवढे, काचेसारखे चमकणारे, आणि प्रत्येकाला निळ्या दोऱ्यासारखी शेपटी. शेजारच्या घरातल्या दुसरीतल्या पोराने त्यातला एक उचलला आणि लगेच किंचाळला. हातावर छडीचा वळ उठावा तशी लाल रेघ उठली. कोणी म्हणाले वाळू चोळा, कोणी म्हणाले बाटलीतले पाणी ओता. कणसे भाजणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दर्या रागावलाय बाबा, पोरांना पाण्यापाशी नेऊ नका."

पोरगा तासाभरात शांत झाला. पण परतताना लोकलमध्ये त्याच्या मोठ्या बहिणीने विचारले, "काका, मागच्या रविवारी आलो तेव्हा एक पण नव्हता. आज एवढे आले कुठून?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. मोठ्या माणसाला उत्तर आले नाही म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. घरी आल्यावर पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. जे कळले ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

समुद्रात काही जीव स्वतःच्या बळावर हवे तिकडे पोहतात. मासे, देवमासे, कासवे ही त्या जातीची. दुसरे काही जीव पाणी नेईल तिकडे जातात. त्यांना प्लवक म्हणतात. प्लवकांमध्ये बारीक वनस्पती असतात तसे प्राणीही असतात, आणि प्राण्यांमध्ये एक मोठा गट लिबलिबीत अंगाच्या जिवांचा आहे. छत्रीसारखा उघडमीट करणारा जेलीफिश आपण चित्रात पाहिलेला असतो. त्याशिवाय अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या आठ रांगा मिरवणारे जीव आहेत. पिंपासारखे पोकळ साल्प आहेत. यांच्या अंगात १०० भागांपैकी ९५ भाग किंवा त्याहून जास्त पाणीच असते. हाड नाही, काटा नाही. पाण्याबाहेर काढून वाळूवर ठेवले तर थोड्या वेळात चिकट डाग तेवढा उरतो.

आमच्या पोराला डसला तो ब्लूबॉटल. तो एक प्राणी नसून एकमेकांना चिकटून राहणाऱ्या अनेक जिवांची वसाहत आहे. एकाने फुगा होऊन सर्वांना तरंगत ठेवायचे, काहींनी डंख मारून भक्ष्य धरायचे, काहींनी ते पचवायचे, काहींनी पुढची पिढी तयार करायची. एकट्याला दुसऱ्यावाचून जगता येत नाही. हा फुगा पाण्याबाहेर असतो आणि शिडाचे काम करतो. काहींचे शीड डावीकडे कललेले असते, काहींचे उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात अर्धे एका दिशेला तिरके जातात, अर्धे दुसऱ्या. सगळी जमात एकाच वेळी किनाऱ्यावर आपटून मरू नये, यासाठी निसर्गात ही तजवीज झाली असावी असे शास्त्रज्ञ मानतात.

आता वारा पावसाळ्यात आपल्याकडे कुठून येतो, हे मुंबईकराला सांगायला नको. नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा जोरदार वारा अरबी समुद्राचा वरचा थर ढवळत, ढकलत किनाऱ्याकडे येतो. त्यावर तरंगणारे निळे फुगे त्याच्याबरोबर येतात आणि वाळूवर अडकतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर असेच ब्लूबॉटल आले आणि अनेकांना डसले, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या होत्या. म्हणजे यात रागाचा भाग कुठेच नाही. वारा आणि पाणी आपले काम करतात.

प्रवाह या जिवांना नुसते वाहून नेत नाहीत. कुठे कोणत्या जातीची वस्ती बसेल, किती दाट बसेल, हेही तेच ठरवतात. दोन प्रवाह समोरासमोर येतात तिथे पाणी खाली वळते; पण तरंगणारे जीव वरच साचतात, जसा नाल्याच्या वळणावर कचरा साचतो. कुठे खोल तळाचे थंड, सकस पाणी वर येते. तिथे बारीक वनस्पती फोफावतात आणि त्यांना खाणारेही वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेला एक उबदार प्रवाह वाहतो. त्यातून मोठमोठे भोवरे सुटतात. अशा भोवऱ्यांत अन्न वाढले की साल्प झपाट्याने वाढतात. साल्पला जोडीदाराची वाट पाहावी लागत नाही. एकाच्या अंगातून पिलांची साखळी बाहेर पडते, आणि थोड्याच दिवसांत मैलोगणती पाणी त्यांनी भरून जाते.

पण प्रवाहाची खरी ताकद पाहायची तर जपानकडे जावे लागते.

तिथे नोमुरा नावाचा एक जेलीफिश आहे. जपानी लोक त्याला एचिझेन कुरागे म्हणतात. एचिझेन हे आजच्या फुकुई प्रांताच्या एका भागाचे जुने नाव, आणि कुरागे म्हणजे जेलीफिश. फुकुईतल्या मत्स्य प्रयोगकेंद्राचे प्रमुख नोमुरा यांनी १९२१ मध्ये याचा नमुना अभ्यासासाठी पाठवला, म्हणून त्यांचे नाव लागले. हा जीव वाढून २ मीटर रुंद आणि २०० किलोपर्यंत वजनाचा होतो. आपल्या चाळीतल्या खोलीच्या दारातून तो आत येणार नाही.

त्याचा जन्म मात्र जपानमध्ये होत नाही. चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पीत समुद्रात आणि त्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात होतो. तळाच्या कठीण पृष्ठभागाला चिकटलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बिजातून उन्हाळ्याच्या सुरुवातीला छोट्या चकत्या सुटतात. यांगत्सी नदीचे गोडे पाणी समुद्रात पसरते, त्याबरोबर त्या पूर्वेकडे सरकतात. मग त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह त्यांना उचलतो आणि कोरिया व जपान यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून जपानच्या समुद्रात नेऊन सोडतो. वाटेत खात-खात त्या वाढतात. पोहोचतात तोवर राक्षस झालेल्या असतात. त्यातले काही उत्तरेला त्सुगारूच्या सामुद्रधुनीतून पलीकडे प्रशांत महासागरात उतरतात आणि तिथल्या प्रवाहाबरोबर पुन्हा दक्षिणेला येतात. एवढा हजारो किलोमीटरचा फेरा, आणि यात त्यांचे स्वतःचे पोहणे नावापुरते. हिवाळ्यात ते मरतात.

पूर्वी अशी मोठी लाट क्वचित येई. १९२०, १९५८ आणि १९९५ अशी वर्षे जपानी कोळ्यांच्या ध्यानात राहिली. पण २००२ पासून ती जवळजवळ दरवर्षी येऊ लागली. २००५ ची लाट सर्वांत भयंकर. हिरोशिमा विद्यापीठाचे शिन-इची उये यांनी अंदाज केला की त्या वर्षी सामुद्रधुनीतून दिवसाला ३० ते ५० कोटी जेलीफिश आत शिरत होते.

याची किंमत कोणी मोजली? किनाऱ्याजवळ जाळी बांधून मासे धरणाऱ्या कोळ्यांनी. जाळे ओढावे तर त्यात हे दोनशे किलोचे गोळे. जाळी फाटत. मासे डंखाने आणि चिकट द्रवाने खराब होत, त्यांना भाव मिळत नसे. हातांना डंख बसत, काम दुप्पट होई आणि कमाई निम्मी. नोव्हेंबर २००९ मध्ये चिबा किनाऱ्याजवळ १० टनांची एक मासेमारी बोट जेलीफिशने भरलेले जाळे ओढताना उलटली. हवा स्वच्छ होती, वादळ नव्हते. तिघे खलाशी पाण्यात फेकले गेले. दुसऱ्या बोटीने त्यांना वाचवले.

इथे उये आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक साधी युक्ती केली. जपानहून चीनला जाणाऱ्या प्रवासी बोटी असतात. त्यांच्या डेकवर उभे राहून, पाण्याकडे पाहत त्यांनी जेलीफिश मोजायला सुरुवात केली. प्रवाहाची वाट आणि वेग ठाऊक होता. वरच्या अंगाला, जन्मस्थानाजवळ किती दिसतात यावरून खाली जपानला यंदा किती येतील हे काही आठवडे आधी सांगता येऊ लागले. २००९ मोठे वर्ष ठरले, २०१० मध्ये मात्र फार थोडे आले. आगाऊ खबर मिळाली की कोळी जाळ्याची रचना बदलतो, जेलीफिश निसटतील अशी वाट ठेवतो, किंवा जाळे काही दिवस उचलूनच घेतो. महागडे यंत्र नव्हते. धीराने मोजणे आणि कार्यकारण समजून घेणे एवढेच भांडवल होते.

लाटा वाढल्या कशाने, यावर अभ्यासकांनी काही कारणे पुढे ठेवली आहेत. शेतातली खते आणि शहरांचे सांडपाणी समुद्रात जाते. प्लवक खाणारे मासे आपण बेसुमार धरतो, त्यामुळे त्यांचे अन्न जेलीफिशला मिळते. पाणी तापते आहे. बंदरांचे नि धक्क्यांचे काँक्रीट वाढले, तशी बिजाला चिकटायला जागा वाढली. प्रवाह जुनाच आहे, त्यात वाहून जाणारे ओझे माणसाने वाढवले.

आणि जिथे प्रवाह नेऊ शकत नाही तिथे माणूस नेतो. काळ्या समुद्रात १९८२ च्या सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक कंगवेदार लिबलिबीत जीव आढळला. जहाजे तोल राखायला पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्या पाण्यातून तो आला. त्याने माशांचे अन्न, अंडी, पिले फस्त केली. अतिमासेमारीने आधीच खंगलेला तिथला मांदेलीसारख्या लहान माशांचा धंदा १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोसळला. १९९७ मध्ये त्यालाच खाणारा दुसरा जीव तिथे आला, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला.

आता घरच्या उपयोगाचे. ब्लूबॉटल वाळूवर मेलेला दिसला तरी डसतो, तेव्हा पोरांना हात लावू देऊ नका. डसलाच तर चोळू नका, वाळू लावू नका, गोडे थंड पाणी ओतू नका. त्याने उरलेले डंख फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा. चिकटलेले दोरे काडीने किंवा जाड कापड हाताला गुंडाळून काढा. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात सुमारे २० मिनिटे तो भाग बुडवून ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर पाहावे. धाप लागली, उलटी किंवा चक्कर आली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

हे सारे आम्ही त्या बहीण-भावाला बसवून सांगितले. पोरगा आपल्या हातावरची पुसट रेघ पाहत होता. बहीण म्हणाली, "म्हणजे जुहूला जायच्या आधी वारा कुठून येतोय ते बघायचं."

परवा रविवारी ती गच्चीवर गेली, दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडताहेत ते पाहून आली आणि म्हणाली, "काका, आज समुद्राकडूनच येतोय. जाऊ, पण चपला काढायच्या नाहीत."