आमेरच्या राणीचा आवाज

जयपूरच्या राजा पार्कपासून आमेरचा किल्ला फार दूर नाही. तेथील राजकन्या ही सलीमची माता. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटात तिला रूप व वाणी दिली ती श्रीमती दुर्गा खोटे यांनी. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात त्या तारामती झाल्या, तेव्हा कुलीन स्त्रीने पडद्यावर येणे निंद्य मानले जाई. पदरी दोन मुले होती. पार्श्वगायन रूढ नव्हते. नटीला पदे स्वतःच्याच कंठाने गावी लागत. तरी त्या डगमगल्या नाहीत. पुढे १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. लोकापवादाला श्रमाने उत्तर देता येते. वाचकहो, आपल्या मुलीचे गुण पारखताना एवढे स्मरणात असावे.