गोळी मिळाली, नळाचं काय?

मूल पोट धरून बसलं की घरातलं मोठं माणूस लगेच निदान करतं, 'जंत झालेत, गोड देणं बंद करा.' पण जंत गुळा-साखरेने होत नाहीत. त्यांची अंडी विष्ठेवाटे मातीत जातात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून, पाण्यातून तोंडात येतात. अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नसते. त्याची अळी अनवाणी पायांच्या त्वचेतून आत शिरते. पुढे हा कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिकं पडतं, लवकर दमतं, वर्गात पेंगतं.

म्हणजे हा प्रश्न खाऊचा नाही, शौचालयाचा आणि पाण्याचा आहे. मुंबईतच पाहायचं तर आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरातल्या आदिवासी पाड्यांकडे पाहावं. वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शेजारीच विहार तलाव आहे. १८६० साली तो पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. पण तलावाशेजारच्या काही पाड्यांवर आजही घरात नळ नाही, शौचालयासाठीही घराबाहेर जावं लागतं. जमीन कुठे वनविभागाची, कुठे दुग्धविकास विभागाची. त्यामुळे साधी जलवाहिनी टाकायची तरी परवानग्यांचा घोळ.

सरकार काहीच करत नाही, असं नाही. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. दोन वर्षांखालच्यांना अर्धी, बाकीच्यांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि ती प्रत्येक मुलाने घ्यायलाच हवी.

पण ती पोटातले जंत मारते, अंगणातली अंडी नाही. गोल कृमीची अंडी मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. उपचारानंतर पुन्हा होणाऱ्या संसर्गाचा एक जागतिक आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार गोल कृमीचं प्रमाण सहा महिन्यांत मूळ पातळीच्या ६८ टक्क्यांवर आणि वर्षभरात ९४ टक्क्यांवर परत येतं. शिवाय दूषित पाण्यातून होणारा जिआर्डियासारखा संसर्ग या एका गोळीने बरा होत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'त्या लोकांना स्वच्छतेच्या सवयीच नाहीत.' सवय लागायला आधी पाणी लागतं. हंडाभर पाणी लांबून आणणारी आई ते आधी स्वयंपाकाला आणि पिण्याला ठेवणार; दिवसातून पाच वेळा मुलांचे हात धुवायला नाही. सॅनिटायझरची बाटली देऊनही भागत नाही. जंतांच्या अंड्यांचं कवच चिवट असतं, ती साबण-पाण्याने धुऊनच काढावी लागतात. हात धुण्याची चित्रं अंगणवाडीच्या भिंतीवर जरूर रंगवा, पण त्याच भिंतीला एक नळही बसवा.

जंतनाशक दिनानंतर किती गोळ्या वाटल्या, याचा आकडा जाहीर होतो. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे हवेत : किती पाड्यांवर पाण्याची जोडणी पोचली आणि किती घरांना वापरण्याजोगं शौचालय मिळालं. जमिनीचा वाद न्यायालयात चालायचा तितका चालू दे. मुलाच्या पोटातला जंत निकालासाठी थांबत नाही.