छप्पर आपले, मग वीज परक्याची का?

बाबासाहेबांचे नाव निघाले की महाड, काळाराम मंदिर, संविधान आणि दीक्षाभूमी डोळ्यांपुढे उभी राहते. विजेची तार मात्र कोणाला आठवत नाही. वास्तविक १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे त्यांनी विजेच्या प्रश्नाची मांडणी केली. शेतीवर पोट भरणारी जादा माणसे उद्योगाकडे वळल्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, आणि मुबलक व स्वस्त विजेशिवाय उद्योग उभा राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यासाठी वीज ही श्रीमंताच्या दिवाणखान्यातील चैन नव्हती. गरिबाच्या सुटकेचे ते एक साधन होते.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. वीज तयार करण्याचे साधन आता सामान्य माणसाच्या छपरावर मावू लागले आहे आणि त्यासाठी सरकारी अनुदानही मिळते आहे. पण या योजनेचा लाभ कोणाच्या छपरावर उतरणार? आमच्या वस्त्या या वेळीही रांगेत शेवटी उभ्या राहणार काय? हा प्रश्न चळवळीने आताच विचारला पाहिजे.

आमची वस्ती गावाच्या टोकाला, म्हणून विजेचा खांबही शेवटी आला. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन सोसले. पुढे गळती आणि थकबाकीच्या प्रमाणात फीडरचे गट पाडून भारनियमन करण्याचे धोरण आले. म्हणजे एखाद्याने बिल वेळेवर भरले तरी त्याचा फीडर 'वाईट' गटात असेल तर त्याचे लेकरूही अंधारातच बसणार! एकाच्या थकबाकीची शिक्षा दुसऱ्याला, हा कोणता न्याय? ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होते त्यांची मुले अभ्यास करत राहिली. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची मुले दहावी-बारावीला मागे पडली आणि त्याचा दोष त्यांच्या 'गुणवत्ते'वर टाकण्यात आला.

आता योजनेचे स्वरूप पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' जाहीर केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद अशी ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची आहे. त्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. त्यावर २०२५ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःची जोड योजना मंजूर केली. ती दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी, एक किलोवॅटच्या यंत्रणेपुरती आहे. एका किलोवॅटचा खर्च ५०,००० रुपये धरला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळून स्वतःचे फक्त २,५०० रुपये घालावे लागतात. १०० युनिटच्या आतील अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याचे १५,००० मिळतात, म्हणजे त्याचा वाटा ५,००० रुपयांचा. राज्याची ही मदत पाच लाख ग्राहकांपुरतीच आहे. जो आधी पोहोचला त्याला आधी, असा हा मामला आहे.

यंत्रणा समजायला कठीण नाही. एक किलोवॅटसाठी आजकाल दोन मोठे पॅनेल पुरतात आणि सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. रमाई आवास योजनेतील २६९ चौरस फुटांच्या घरकुलावरही एवढी जागा निघते. पत्र्याचे छप्पर असेल तर त्याची मजबुती आधी तपासून घ्यावी. एक किलोवॅट उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट, महिन्याला १०० ते १२० युनिट वीज देते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. दिवसा घरात वापरून उरलेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री लागेल ती तारेतून आत येते आणि नेट मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. पॅनेल पंचवीस वर्षे चालतात. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागतो. धूळ पुसणे सोडले तर रोजचे काम नाही.

घरमालकाला याचा फायदा काय, ते विजेच्या दरपत्रकातच दिसते. पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यात दर जवळपास दुप्पट होतो. महिन्याला २०० युनिट जाळणाऱ्या शिक्षकाच्या किंवा क्लार्कच्या घरावर एक किलोवॅट बसले की त्याचे महागडे १०० युनिट आधी गळून पडतात आणि तो पुन्हा स्वस्त टप्प्यात येतो. दोन किलोवॅट बसवले तर युनिटचे बिल जवळजवळ संपते, फक्त स्थिर आकार राहतो. अनुदान वजा जाता घातलेले पैसे काही वर्षांतच बिलातून वसूल होतात. त्यानंतर उरलेल्या आयुष्यभर ती वीज जवळपास फुकट. दर वाढोत की न वाढोत, छपरावरच्या उन्हाचा दर कोणी वाढवू शकत नाही. निवृत्तीला आलेल्या माणसासाठी तर हे पेन्शनच्या जोडीला उभे केलेले दुसरे उत्पन्नच होय.

विक्रेते सांगत नाहीत तेही आम्ही सांगून ठेवतो. साधी ग्रीडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय असते. भारनियमनातही दिवा हवा असेल तर बॅटरीची वेगळी यंत्रणा घ्यावी लागते आणि खर्च वाढतो. अनुदानासाठी देशी बनावटीचे पॅनेल आणि योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदलेला विक्रेताच लागतो. पाच वर्षांची देखभाल त्याच्या गळ्यात करारानेच बांधून घ्यावी. 'सगळे फुकट आहे, इथे सही करा' म्हणणाऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही करू नये.

येथे चळवळीतला एखादा अभ्यासू कार्यकर्ता विचारील, 'बाबासाहेबांनी तर १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. मग प्रत्येकाने स्वतःची वीज तयार करावी, हे खाजगीकरण नव्हे काय?' प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेबांचा विरोध मूठभरांच्या हाती साधने एकवटण्याला होता. २००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ साली राज्य वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि विजेचा हिशेब नफा-तोट्याच्या भाषेत होऊ लागला. अशा वेळी मजुराच्या घरकुलावरचे दोन पॅनेल म्हणजे भांडवलशाही नव्हे. ते उत्पादनाचे साधन कष्टकऱ्याच्या मालकीचे होणे आहे. मात्र त्यामुळे सरकारची जबाबदारी संपत नाही. मागणाऱ्याला मुदतीत वीज देण्याचे बंधन त्या कायद्याच्या कलम ४३ ने वितरण कंपनीवर घातले आहे. तो हक्क सोडायचा नाही आणि हाही सोडायचा नाही.

उशीर केला तर दुहेरी फटका बसणार आहे. मोठे बिल भरणारे बंगलेवाले एकेक करून सौर यंत्रणा बसवतील आणि त्यांचे बिल कमी होईल. पण तारा, रोहित्रे, कर्मचारी यांचा खर्च तसाच राहील. तो मग कोणाकडून वसूल होणार? ज्यांच्या छपरावर पॅनेल नाही त्यांच्याकडूनच! म्हणजे अनुदान त्यांना आणि दरवाढ आम्हाला. उन्हाचीही सवर्ण आणि अवर्ण अशी वाटणी होऊ द्यायची नसेल तर आज हालचाल केली पाहिजे.

अडचण पॅनेलमध्ये नाही, कागदात आहे. योजनेसाठी छप्पर आपले हवे, वीजजोडणी आपल्या नावावर हवी आणि थकबाकी नको. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी कित्येकांचे मीटर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. कित्येक जण ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच मालकीचा पुरावा समजतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकी हक्काचा दस्त नव्हे. गावठाणातील घरांची मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी 'स्वामित्व' योजना २०२० मध्ये सुरू झाली. आपल्या वस्तीची मोजणी त्यात झाली की गावठाणाबाहेर म्हणून वगळली गेली, हे प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन पाहावे. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा प्रश्न तर याहून कठीण आहे. त्यांना सौर पॅनेलचे भाषण देण्यात अर्थ नाही. त्यांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर करण्याची लढाई आधी लढावी लागेल आणि ती लढाई आमची सर्वांची आहे.

बौद्ध बांधवांनी जातीचा दाखलाही काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा मान्य झाला. पण हातात दाखला नसेल तर ५,००० रुपयांच्या जागी सर्वसाधारण गटाचे १०,००० भरावे लागतील. कायदाही आता ग्राहकाच्या बाजूने बोलतो. ग्राहक हक्कांच्या २०२० च्या नियमांनी छपरावर वीज बनवणाऱ्याचे ग्राहक म्हणून सर्व हक्क कायम ठेवले आहेत. २०२४ च्या दुरुस्तीने १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली. तरीही कोणी अर्ज अडवला तर लेखी कारण मागावे, पोच घ्यावी, कलम ४२ खालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे आणि तिथेही न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालाकडे.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. शहरातील गृहनिर्माण संस्थांमध्ये आमचे कर्मचारी-अधिकारी बांधव पदाधिकारी आहेत. संस्थेच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. तो विषय त्यांनी वार्षिक सभेत मांडावा. विहारांना घरगुती अनुदान लागू नाही, पण विहाराच्या छपरावर नेट मीटर बसू शकतो आणि त्या बचतीतून अभ्यासिका चालू शकते. रविवारच्या वंदनेनंतर तासभर विहारातच अर्ज भरण्याचे टेबल लावावे. एका कार्यकर्त्याने मीटरची नावे तपासावीत, दुसऱ्याने दाखले. आयटीआय झालेल्या आमच्या मुलांनी सौर यंत्रणा बसवण्याचे प्रशिक्षण घ्यावे. वस्तीत पॅनेल लागणारच असतील तर मजुरीही वस्तीतच राहिली पाहिजे.

शेवटी एक सूचना, काहींना ती कडू लागेल. भीमजयंतीला आमची मंडळे रोषणाई आणि डीजेवर किती खर्च करतात हे सर्वांना ठाऊक आहे. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने एक डीजे कमी करावा आणि ती रक्कम बाजूला काढावी. आपल्या वस्तीतील विधवा भगिनी, सफाई कामगार, शेतमजूर यांच्यापैकी ज्यांना २,५०० किंवा ५,००० रुपयांचा वाटाही जड जातो, त्यांचा वाटा मंडळाने भरावा. एका डीजेच्या भाड्यात अशी किती घरे बसतात, हा हिशेब मंडळांनीच करून पाहावा. ज्या महामानवाने या देशासाठी स्वस्त विजेचा आग्रह धरला, त्याच्या जयंतीची रोषणाई एका रात्रीत विझण्याऐवजी पंचवीस वर्षे एखाद्या घरकुलात राहील. मुदत आणि संख्या दोन्ही मर्यादित आहेत. कामाला लागा.

जय भीम!