कंबरेची पट्टी आणि मनाचे दोन प्रश्न

१ जून २०१७ रोजी पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप सुरू केला आणि दूध-भाजीपाला रोखून शहरांना शेतीची आठवण करून दिली. कर्जमाफी, हमीभाव, दुधाचा दर या मागण्या रास्तच होत्या. परंतु कर्जाचा बोजा केवळ सातबाऱ्यावर चढतो असे समजणे ही चळवळीची जुनी चूक आहे. तो मनावर चढतो आणि देहावरही.

मनाचे दुखणे सरकारला मान्य आहे, पण नकाशा पाहून! २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ निघाला, तो विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांपुरता. नगर जिल्हा त्यात नव्हता. वैजापूरच्या शेतकऱ्याला औदासीन्य येते आणि पुणतांब्याच्या शेतकऱ्याला येत नाही, असा हा शासकीय शोध.

देहाच्या बाबतीत मात्र डाव्या कार्यकर्त्यांचाही पूर्वग्रह आड येतो. व्यंगचित्रातला शेटजी अजून ढेरपोट्याच असतो. स्थूलता म्हणजे खाऊन-पिऊन सुखी असल्याची खूण! वस्तुस्थिती काय आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल आहेत. हे सारे शेटजी नव्हेत. साखर, पामतेल, मैदा यांनी पोट स्वस्तात भरते. डाळ, भाजी, फळ यांनी भरत नाही. ज्या राहाता तालुक्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेथे हे अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज पडू नये.

ही दोन दुखणी एकमेकांना खतपाणी घालतात. २०१० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात स्थूल व्यक्तीला नैराश्य येण्याचा धोका ५५ टक्क्यांनी, तर निराश व्यक्ती स्थूल होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी अधिक आढळला. खिन्न माणसाची झोप बिघडते, हालचाल मंदावते. गुडघे दुखू लागले की तो घराबाहेर पडेनासा होतो. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या, स्वस्त गोळीनेही वजन वाढते. एकावर उपचार करून दुसऱ्याकडे पाठ फिरवणे म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणे होय.

गंमत अशी की, दोन्हींची नोंद सरकार एकाच कागदावर घेते. आशा स्वयंसेविका तिशीवरील माणसांचा जो अर्ज भरते, त्यात कंबरेचे माप आहे आणि गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, कशात रस उरला नाही का, हे दोन प्रश्नही आहेत. पुढे वाटा फुटतात. मानसिक आरोग्याचा कार्यक्रम १९८२चा, असंसर्गजन्य रोगांचा २०१०चा. दोहोंचे अधिकारी निराळे, तक्ते निराळे. रुग्ण तेवढा एक. आणि हा अर्ज भरणारीला सरकार कर्मचारी मानत नाही. मोबदल्यासाठी तिला २०२३-२४ साली पुन्हापुन्हा संपावर जावे लागले.

यावर ‘मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कोठून?’ असा ठरलेला सवाल येतो. उत्तर गोव्याने दिले आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक केंद्रांत बसवले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जेथे ही सोय नव्हती तेथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही. पैसे देणाऱ्याला डॉक्टरचा वेळ बहुधा आधीच मिळत असावा. गरिबाला तोच वेळ समुपदेशिकेने दिला. २०१९ साली अमेरिकेत स्थूलता व नैराश्य यांवर प्राथमिक स्तरावर एकत्र उपचार करून पाहण्यात आले. दोन्हींत सुधारणा झाली. ती माफकच होती, हे लपवण्याचे कारण नाही. माफक सुधारणा लाखोंना मिळाली तर ती माफक राहत नाही.

उलट बाजाराची तत्परता पाहा. मार्च २०२५मध्ये वजन घटवणारे मौंजारो भारतात आले, ते २.५ मिलिग्रॅमच्या कुपीला ३,५०० रुपये या दराने. इंजेक्शन आठवड्याला एक. एवढ्या पैशांत शेतमजूर कुटुंबाचा किराणा येतो.

२०२२च्या जूनमध्ये पुणतांब्याने पुन्हा धरणे धरले. तिसरी वेळही येईल. त्या वेळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही दुखण्यांसाठी एक कायम समुपदेशिका, आशांना वेतनश्रेणी आणि रेशनवर नियमित डाळ ही तीन कलमे कर्जमाफीच्या खाली का होईना, पण त्याच निवेदनात लिहिली गेली पाहिजेत.