मिरचीला जाणाऱ्यांची नोंद गावात पाहिजे



धान कापून झालं, चुरणंही होत आलं. आता थोड्याच दिवसांत मेस्त्री लोकांचे फोन सुरू होतील. "तेलंगणात मिरची तयार झाली, माणसं पाहिजेत." मग गाड्या भरून आपली माणसं जातील. म्हणून ती जाण्याच्या आधी 2020 च्या मार्चमध्ये काय झालं ते आठवू आणि ग्रामसभेत बसून काही ठरवू.

24 मार्च 2020 च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. माझा मोठा भाऊ आणि वहिनी तेव्हा तिकडं मिरची तोडत होते. मालकाने काही दिवस तांदूळ दिले, मग म्हणाला, आता तुमचं तुम्ही पाहा. मेस्त्रीचा फोन बंद. मजुरीत मिरची घ्यायचं ठरलं होतं, ती पोती तिथंच राहिली. पाच दिवस जंगलातून चालत दोघं गावाच्या शिवेवर आले. तिथं आपल्याच लोकांनी लाकडं आडवी टाकून रस्ता बंद केला होता. त्या नाक्यावर मीच उभी होती. भाऊ खोकलत होता. मिरची तोडणाऱ्याला खोकला येतोच, हे आपल्याला माहीत आहे. तरी आम्ही सगळे मागे सरकलो. त्याचं तोंड मला अजून आठवते.

गाव बंद केलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. दवाखाना दूर, गाडी नाही, रोग आला असता तर काय केलं असतं? चूक ही झाली, की आपण रस्ता बंद केला पण येणाऱ्यांसाठी काहीच तयार ठेवलं नाही. चौदा दिवस त्यांना शाळेत ठेवलं. पाणी बोअरिंगचं, संडासाला कुलूप. पंचायतीत गेलो तर उत्तर मिळालं, "याला हेड नाही, वरून आदेश नाही." शेवटी घराघरातून तांदूळ गोळा केले.

आपली माणसं निदान घरी पोचली. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची पोरगी तेलंगणातून मिरचीच्या कामावरून पायी निघाली. तीन दिवस चालली आणि एप्रिलमध्ये घर जवळ आलं असताना वाटेतच मेली. तपासणीत तिला करोना नव्हता. ती उपाशी-तहानलेली चालून मेली. ती कुठं गेली, कोणासोबत गेली, याची नोंद कोणत्या कार्यालयात होती?

माझा मुद्दा हाच आहे. तेलंगणा सरकारने त्या वेळी बाहेरच्या मजुरांना 12 किलो तांदूळ आणि 500 रुपये जाहीर केले होते. माझ्या भावाला मिळाले नाहीत. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्याचं नाव तिकडच्या यादीत नव्हतं. आणि इकडं आमच्या पंचायतीतही कोण कुठं गेलं याचा एक कागद नव्हता. ज्याचं नाव कुठंच नाही, त्याला मदत कोण पोचवणार?

काही जण म्हणतात, ते आपल्या मर्जीने गेले, पंचायतीचा काय संबंध? संबंध आहे. मतदार यादीत त्यांचं नाव आहे, घरपट्टी ते भरतात. आणि पैसा नाही म्हणणं खरं नाही. पेसा गावांच्या ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट मिळतो. त्यात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण यांवर खर्च करता येतो, आणि काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. वरून आदेश यायची वाट पाहायची गरज नाही. आदेश आपणच द्यायचा आहे.

दुसऱ्या राज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदारासाठी तेव्हा 1979 चा कायदा होता. त्यात ठेकेदाराला परवाना आणि मजुराला फोटोचं पासबुक सांगितलं होतं. पण मिरचीला माणसं नेणाऱ्या मेस्त्रीला कोणी परवाना विचारलेला मी तरी पाहिला नाही. सरकार विचारत नसेल तर ग्रामसभेने विचारावं.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

1. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, गाव, मालकाचा आणि मेस्त्रीचा फोन नंबर वहीत लिहायचा. मेस्त्रीची सही घ्यायची. शाळेच्या वयाची पोरं पाठवायची नाहीत.

2. 5 टक्के निधीतून मास्क, साबण, ताप पाहायचं यंत्र, आणि परत येणाऱ्यांसाठी खोली, संडास, पाणी यांची सोय आताच करायची. आजारी पडला तर दवाखान्यात न्यायला गाडीचे पैसे वेगळे ठेवायचे. आशाताईला सोबत घ्यायचं.

3. ज्यांना जायचं नाही त्यांनी रोजगार हमीचं काम नमुना 4 वर मागायचं आणि तारखेची पावती घ्यायचीच. 2020-21 मध्ये मजुरी 238 रुपये होती. 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पावती नसेल तर मागणी केली हे कोणी मानत नाही.

आता शेवटचं. आपण मिरचीला जातो कशासाठी? कारण वनहक्काचे दावे पडून आहेत, आणि जंगल आपलं असूनही त्याचा पैसा आपल्या हातात नाही. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 पासून ते स्वतः बांबू विकतात. ज्या गावाकडं स्वतःचा पैसा आहे त्याला संकटात कोणाच्या हेडची वाट पाहावी लागत नाही. दाव्याची लढाई आणि मजुराच्या जीवाची लढाई एकच आहे.

पण दावा मंजूर व्हायला वर्षं लागतील. वही करायला एक दिवस लागतो, आणि ती दहा रुपयांत मिळते. पहिली गाडी भरायच्या आधी ती सुरू करा. पुन्हा कोणी शिवेवर येऊन उभा राहिला, तर नाक्यावरच्या माणसाजवळ त्याचं नाव असलं पाहिजे आणि त्याच्यासाठी खोली तयार असली पाहिजे.

जोहार!