आंबेगाव म्हणजे कुठलं?

आजीच्या आठवणी लाटेकमध्ये टाइप करतेय. टेकस्टुडिओत बॅकस्लॅश देऊन दोन अक्षरं टाकली की यादी उघडते, एंटर दाबला की त्यातलं काहीतरी बसतं. परवा माझ्या घाईत आंबेगावच्या जागी घोडेगावचा संदर्भ बसला.

माणसंही असंच करतात. आजीचं गाव आंबेगाव म्हटलं की लगेच, "कात्रजजवळचं ना?" नाही हो! ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचं, कचेरी मात्र घोडेगावात.

माझं मत विचाराल तर, सुचवावं जरूर, पण विचारल्यावर. सेटिंगमध्ये जाऊन ती यादी आपोआप उघडणं मी बंद केलंय. अडलंच तर कंट्रोल-स्पेस आहेच. आजीचं गाव मात्र मी अख्खं टाइप करणार. तेवढं तरी आपल्या हातात आहे, नाही का?